टाकीच्या तोंडाशी

हॅलो? … हो, अकोला. जठारपेठ. मी रविकांत वकील बोलतो… अमरावतीचा ट्रंक कॉल? जोडा, जोडा… हॅलो, कोण, वसंता? … अरे बोल ना, दादाच आहे. परवाच तर बाबांच्या वर्षश्राद्धाले भेटलो आपण. आता काय काढलं?

हो… हो… गाडी विकत घ्यायले खुशालराव आले? परतवाड्याहून? … मग देऊन टाक ना गाडी. नऊ वर्षं अंगणात उभी आहे. दोन सीटची ती गाडी, तुझ्याशिवाय घरात कोणी तिले… काय? बैलं जुंपून नेणार? … नाही रे. बैलं नको.

सहदेव मिस्त्री आहे ना तिथं? … बॅटरी भरली, ताजं पेट्रोल टाकलं… कार्बोरेटर खोलला? कोरडा? … म्हणजे पेट्रोल वर येऊनच नाही राहिलं. … पंप टिकटिक करते अन् थांबते. हो, नऊ वर्षांमागं तवाही असंच होतं.

ऐक, माझं ऐक तू. पंप सोड… अरे पंपात काही नाही, तू तो दहादा खोलला होता, मले माहीत आहे. सीट काढायले सांग… दोन्ही. मागं फळी आहे, चार स्क्रूची. फळीखाली टाकी. टाकीतून तांब्याची नळी निघते, तिथं पितळी नट आहे. तो खोला. … खिडकीतून सांग त्याले, मी थांबतो. अन् बिडी विझव म्हणा आधी.

… एक्स्चेंज? हो, आणखी तीन मिनिटं द्या.

… हं, नट निघाला? … आता तारेचा आकडा करून ओढ म्हणा. हळू. … निघाला? … हो. कापूसच आहे. कापसाचा बोळा. नट परत आवळून घ्या.

… मले कसं माहीत?

वसंता, तो मी घातला… हो, मीच. तू नागपूरले निघणार होता ना, त्या मोटर कंपनीत, स्वतः जुळवलेली गाडी दाखवायले… त्याच्या आदल्या सांजेले. आपली धाकटी रमा वाती वळत बसली होती, तिच्यापुढचा कापूस उचलला… नाही, तिले काही माहीत नाही. … काहून म्हणजे? मले अकोल्यात वकिली काढायची होती. बाबांजवळ कोणीतरी राहायले पाहिजे होतं. म्हटलं, हप्त्याभरानं काढून टाकीन… हो, नाही काढला.

सकाळी गाडी सुरू झाली नाही, तवा बाबा म्हणाले, याच्या हाताले यश नाही. तू मान खाली घालून ऐकलं. मी तिथंच जेवत होतो. … मास्तर झाला तू, पुन्हा पाना हातात धरला नाही… पाहिलं मी. घरी आलो की दरवेळी पाहिलं. लई वाईट केलं रे… वसंता? … शिव्या दे मले…

हॅलो? … कोण, सहदेव? वसंता कुठं आहे? … थांब, आवाज येते… सुरू झाली? … तोच बसला? एकटा? … अन् खुशालराव? ओट्यावरच? … कोणत्या रस्त्यानं गेला? … नांदगाव पेठेकडं.

म्हणजे नागपूरच्या रस्त्यानं.

काही बोलला का जाताना? … बोळा? खिडकीत ठेवला… दादाले द्या म्हणाला. … बस, एवढंच?

… हो एक्स्चेंज, ऐकतो आहे. झाली तीन मिनिटं? … नाही, आता नका वाढवू. ज्याच्याशी बोलायचं होतं, तो निघून गेला.