बाबलदादाला वाजवलेल्या टाळ्या

मंडळी, त्या दुपारी बर्फाच्या कारखान्यातलं इंजिन चालू होतं, आणि तरीही आतून माणूस ओरडला. त्या घटकेला माझं सगळं बदललं. तोवर आमच्याकडे उलटं असायचं. इंजिन बंद पडायचं आणि बाहेर तुम्ही सगळे ओरडायचात.

आज तुम्ही गप्प बसला आहात. शाळेचा हा वर्ग पुरत नाही एवढे आलात. किनाऱ्यावरून जाळी ओढणारे रापणवाले आलेत, मासे विकणाऱ्या बायका आल्यात, ट्रकवाले गाड्या वाटेत लावून आलेत. कारखान्याचे मालक आबाशेठ पुढच्या खुर्चीत आहेत. "तू शुद्ध बोलतंस, तूच बोल," असं म्हणून मला उभं केलंत. कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेल्या माणसाचं शुद्ध किती आणि कुठवर टिकणार? बोलतो.

माझ्या आधी तिघे बोलले. बाबल देवमाणूस होता, म्हणून देवाने नेला, असं तिघेही म्हणाले. नाही हो. देवाने नाही नेला. पट्ट्याने नेला. इंजिनाच्या पट्ट्यात हात गेला आणि हातामागून माणूस गेला. निदान आज तरी देवावर ढकलू नका.

बाबलदादा, आमचा इंजिन ड्रायव्हर, देवमाणूस वगैरे काही नव्हता. मोठ्या तोंडाचा, थट्टेखोर, गळ्यात लाल रुमाल आणि कानावर विडी. पहिल्या दिवशी मी कारखान्यात हजेरी घ्यायला बसलो, तर सगळ्यांसमोर मला विचारतो, "काय रे मेल्या, कॉलेजात इंजिन शिकयतत की कविता?" मी म्हटलं, दोन्ही अर्धवट. तो एवढा हसला की विडी पडली.

आणि इंजिन बंद पडलं की त्याचा थाट आठवा. बाहेर टोपल्यांत बांगडे उन्हात, बर्फाचा पत्ता नाही, ट्रक उभे, तुमचा कल्लोळ. बाबल कुठे? समोरच्या हॉटेलात. चहा संपवल्याशिवाय उठायचा नाही. मग गर्दीतून वाट काढत यायचा, नवरदेव यावा तसा. आत ठोकाठोक. एक शिवी. पुन्हा ठोकाठोक. मग धुराड्यातून धुराचा लोट, धडधड सुरू, आणि बाहेर टाळ्या! कोण पान द्यायचं, कोण विडी. आबाशेठ, तुम्ही स्वतःच्या डबीतली सुपारी काढून द्यायचात. म्हणायचात, "बाबल आसा म्हणान कारखानो आसा."

मी विचारतो, मंडळी. ज्या दिवशी इंजिन बंद पडलं नाही, त्या दिवशी कुणी टाळी वाजवली? एकाने तरी?

मी त्याला म्हटलं होतं. "दादा, मोठ्या चाकाची बेअरिंग गेली आहे. पट्टा शिवून शिवून गोधडी झाली. पावसाळ्यात सगळं उघडूया, बदलूया. मग बंदच नाही पडणार." तो माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "मगे माका कोण विचारतलो रे?"

त्या दिवशी मीही हसलो. दादावर मला आजही राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो आहे. दादा, तुला टाळ्यांची चटक लागली होती. आणि ती आम्ही लावली.

आता आबाशेठ. तुम्ही समोर आहात म्हणूनच बोलतो, पाठीमागे बोललो असतो तर नामर्द ठरलो असतो. मृगाला तुम्ही इंजिनखोलीला कुलूप घालता, ते नारळी पौर्णिमेला नारळ फोडूनच काढता. समुद्र बंद, मासे बंद, बर्फ बंद. अख्खा पावसाळा इंजिन अंधारात गंज खात पडलेलं. मी चावी मागायला आलो होतो. तुम्ही झोपाळ्यावर होतात. म्हणालात, "बंद आसा त्येका कित्याक हात लावतंस?"

मी तुम्हाला पडवीबाहेर बोट करून दाखवलं. शेजारच्या पडवीत रापणवाले जाळं विणत बसले होते. भर पावसात. समुद्रावर जाता येत नव्हतं तरी. होड्या ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेल्या, त्यांनाही कुणी तेल लावत होतं. ही माणसं जाळं समुद्रात फाटायची वाट बघत नाहीत. आत बांगड्यांचा थवा असताना कोण सुई-दोरा काढतो? हे ह्या किनाऱ्यावर सगळ्यांना कळतं. जाळ्याच्या बाबतीत कळतं, होडीच्या बाबतीत कळतं. इंजिन आलं आणि आमची अक्कल कुलपात गेली.

तुम्ही म्हणालात, "इंजिन म्हणजे जाळां नव्हे, झिला."

बरं. मग दिवाळीनंतर मी पुन्हा आलो. म्हटलं, बेअरिंग आता ओरडते आहे, रोजची ठोकाठोक चालली आहे. आठ दिवस आपण होऊन बंद ठेवा. आधी सांगून ठेवू, ट्रकवाले दुसरीकडून बर्फ आणतील, रापणवाले मासे खारवतील, कुणाचं काही अडणार नाही. तुम्ही म्हणालात, "चालू आसा त्येका कित्याक हात लावतंस? धंद्याची खोटी करूं?"

बंद आहे म्हणून हात लावायचा नाही. चालू आहे म्हणून हात लावायचा नाही. मग लावायचा कधी, आबाशेठ? लावला शेवटी. बाबलने लावला. चालत्या पट्ट्याला.

खोटी टाळलीत तुम्ही? किती वेळा बांगडे वाळूत पुरले, ते ह्या बायकांना विचारा. कोल्हापूरचे ट्रक रिकामे परतले आणि मग दुसऱ्या बंदराला जायला लागले, ते परत आले का? आठ दिवसांची खोटी नको म्हणून आपण वर्षभर खोटी करत बसलो. आणि प्रत्येक खोटीनंतर टाळ्या वाजवल्या!

त्या दुपारी पट्टा सरकला. इंजिन फिरत होतं, पट्टा अर्धा चाकाबाहेर. इंजिन थांबवून पट्टा चढवायचा, हे बाबलला ठाऊक नव्हतं असं नाही. पण थांबवलं की ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा आता राहिला नव्हता. आणि बाहेरून हाका चालू. "बाबल्या, म्हावरां कुसता रे!" "काय रे, झोपलंस काय?" मी दारात होतो. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. बघ आता गंमत, अशा अर्थाने. आणि चालत्या पट्ट्याला हात घातला.

पुढचं मी सांगणार नाही. त्याची बायको, सुलूवहिनी, इथे बसली आहे.

काल मी वहिनीकडे गेलो होतो. रडत नव्हती. मला म्हणाली, "भावजी, आता इंजिनार कोण बसतलो?" मग म्हणाली, "जो बसतलो तेका सांगा, लोक कितीय बोंबलले तरी आयकू नको."

वहिनी, कोण बसणार ते मला कालच ठाऊक होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. आता सगळ्यांसमोर सांगतो. उद्या सकाळी नारळ फुटणार आहे. तेच इंजिन, तीच बेअरिंग, नवा टाका घातलेला तोच पट्टा. आणि इंजिनावर मी.

आबाशेठनी मला बोलावून चावी दिली. म्हणाले, "तुका सगळां कळता. तूच बस. ह्यो मोसम काढ, मगे घरातला काय तां बोलूया."

घरातलं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. मी कॉलेज का सोडलं, हे मालवणच्या कुत्र्यांनाही माहीत आहे. आबाशेठच्या घरातल्या एका मुलीसाठी सोडलं. नाव घेत नाही. ती मागे बायकांत बसली आहे आणि तिने मान खाली घातली आहे. हजेरीची नोकरी का धरली? तिच्या अंगणावरून कारखान्यात जायची वाट आहे म्हणून. हसा, हसायचं तर. वर्षभर ज्या एका शब्दाची वाट बघितली, तो शब्द काल मिळाला. इंजिनाच्या चावीत बांधून मिळाला.

रात्रभर ती चावी मुठीत धरून बसलो. खोटं कशाला बोलू, मोह झाला. एक मोसम तर काढायचा! बाबलनेही असंच म्हटलं असेल, प्रत्येक मोसमात.

ही बघा चावी. ही मी बाबलच्या फोटोपुढे ठेवतो, हाराखाली. ज्याला उद्या इंजिन चालू करायचं असेल, त्याने बाबलच्या डोळ्यांत बघून ती उचलावी. आणि ज्याला ते उघडायचं असेल, त्यानेही इथूनच उचलावी. त्याच्या हाताखाली पाने-पकडी धुवायलासुद्धा मी येईन. फुकट येईन. चालू करायला येणार नाही.

आबाशेठ, तुमच्या त्या घरातल्या बोलण्याचं उत्तरही ह्यातच आलं. मागे बायकांत बसलेल्या माणसाने मला माफ करावं. न केलं तरी चालेल.

दादा, तुला नमस्कार. टाळ्या नाहीत आज.

मंडळी, आता उभे राहा. ते इंजिन बंद पडलं की आपण नेहमी बोंबललो. आज ते बंद आहे आणि एकदा, पहिल्यांदाच, आपण त्याच्यासाठी गप्प राहूया. वेळ मी मोजणार नाही. मला इथे थांबवत नाही. मी निघतो, आणि जाताना दार ओढून घेतो.

दाराचा आवाज झाला, की सुरू करा.