अंगठ्याला रगत पोचंना

...म्हंजे चूक माझी? आवं, तुमीच सांगा! पंचवीस वर्सं उसाला पानी पाजलेला मानूस मी, आन् सांगलीचा डाक्टर मला शिकवतो, "आकाराम, शरीरात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. हृदयातून निघालेलं रक्त त्यांच्यातून बोटांच्या टोकापर्यंत जातं आणि परत हृदयाकडे येतं." परत? सरीत सोडलेलं पानी हिरीत माघारी आलेलं कुनी बघितलंय? मग ते रगत माघारी येतं कसं?

तर झालं काय, उजव्या पायाचा अंगठा पडला काळानिळा. थंडगार! आपला हाय का शेजाऱ्याचा, कळंना. डाक्टर म्हनला, "त्या बारीक वाहिन्यांत रक्तच पोचत नाही. बिडी आजपासून बंद, नाहीतर अंगठा कापावा लागेल." कापावा? चिखलात पान्याची दारं धरायला अंगठ्याच्या जोरावरच तर उभा ऱ्हातो मी.

आता तुमाला सांगतो, शेंड्याच्या सरीला पानी पोचंना तर काय करत्यात? वरल्या सऱ्यांची दारं मातीनं बांधत्यात! त्याला डाक्टर कशाला? घरी आलो, आमच्या हरणाबाईकडनं डावी मांडी बांधून घेतली, दोन्ही दंड बांधले, सुंभानं, करकचून! ती म्हनती, "आवं, ही कसली दवा?" म्हनलं, तू बांध गं! समदं रगत आता उजव्या पायात... आन् काळजीनं एक बिडी वढली. मग आनिक एक.

घटकाभरात डावा पाय निळा! हातांना मुंग्या! आन् अंगठा? व्हता तस्सा थंड! मग ते रगत गेलं कुठं? आन् माघारी येतं कसं?

लढाईपायी मोटारीला पेट्रोल न्हाई, बैलगाडीत घालून सांगलीला नेलं. डाक्टरनं सुंभ कापलं, कपाळाला हात लावला, "अहो, हातपाय कसले बांधता! ती बिडीच वाट बुजवतेय!" म्हनलं, धूर छातीत, अंगठा खाली, तितवर गेला कसा? "रक्तातूनच." आन् रगत माघारी येतं कसं? डाक्टर नुसतं दाराकडं बोट दाखवून म्हनला, "घरी जा."

बिडी सोडली गड्यांनो! चार महिनं झालं. अंगठा ऊन लागतोय, हरणाबाई रोज हात लावून बघती आन् हासती. पाय झ्याक चालतोय... पर चालून जायचं कुठं? तुमी समदी बिड्या पेटवून पारावर बसलेली, जवळ आलो की माझा हात आपसूक पुढं येनार... म्हनून तर हितं गोठ्यापाशी उभा ऱ्हाऊन, एवढ्या लांबनं वरडून सांगतोय!