पिंपातला कुत्रा आणि माझं पोर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांचा निरोप आहे ते आपले डॉक्टरसाहेब, उद्यापासून दवाखाना सांभाळणार त्या त्यांच्या पुतणी डॉक्टरताई, आणि समोर बसलेल्या आयाबायांनो, तुमच्या मांडीवरच्या लेकरांनो,

एवढं कंपाउंडरकाकांनी पाठ करून घेतलं. पुढचं माझं आहे, म्हणजे चुकणार. शाळा मी लवकर सोडली.

आत्तापर्यंत सगळ्यांनी डॉक्टरांच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांचं कौतुक केलं. मला त्यांच्या पुस्तकाबद्दल बोलायचंय. ते बघा, टेबलावर, रिबीन बांधून. आज ते ताईंना भेट मिळणार. लक्षणं जुळवून औषध शोधायचं पुस्तक, फार जुनं. कुणीतरी परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणलं म्हणे. आणलं खरं, पण अर्ध्या वाटेतच ठेवून गेला तो माणूस.

पहिल्यांदा गेले तेव्हा पोर आठ महिन्यांचं. छाती घरघरत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, याला खोकला झालाय."

डॉक्टरांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं. "नुसता खोकला हे काय लक्षण झालं का हो? नीट सांगा. कास रिकाम्या पिंपात श्वान भुंकल्यासमान आहे, अथवा भग्न तुतारीतून वायू गेल्यासमान?"

आता मी पिंपात कुत्रा घालून कधी बघितलाय? मागच्या बाकावरून शिंपीणकाकू कुजबुजल्या, "पिंप सांग गं, लवकर सुटशील." मी म्हटलं, पिंप.

सुटले कुठली! "बालकास चोरांची स्वप्ने पडतात काय? आप्तस्वकीयांविषयी विरक्ती वाटते काय?" अहो, त्याला दात आले नव्हते, विरक्ती कुठून येणार? पण काहीतरी सांगायला पाहिजे ना. म्हटलं, "आजीकडे जात नाही." डॉक्टर केवढे खूश! "विरक्ती!" त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. तिसऱ्या रांगेत बसल्यात, पोराला घेऊन. आई, रागावू नका, पुस्तकात होतं.

हसा, हसा. मीही आज हसतेय. तेव्हा कुठलं हसू! वाटायचं, माझं उत्तर चुकलं तर औषध चुकेल, आणि औषध चुकलं तर पोर. घरी सारखी बघत बसायचे, कानामागे घाम आला का, मान डावीकडेच का वळवतो. पोर रडलं की उचलायच्या आधी मी विचार करायचे, हे रडणं कशासमान? आई आहे की कारकून, तेच कळेना.

आणि एके दिवशी भरदुपारी त्याला श्वास लागला. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, गळ्याशी खळगा पडत होता. उराशी धरून पळत गेले. "डॉक्टर, पोराला श्वास घेता येत नाही!" याहून सरळ कसं सांगतात? आणि डॉक्टरांनी काय केलं? बरोबर ओळखलंत. पान उलटलं.

"ओष्ठांचा वर्ण शिशासमान, अथवा पक्व जांभळासमान?"

मी किंचाळले, "तुम्हीच बघा की!"

आता खोटं बोलणार नाही, पुस्तकाचा तेवढा एक उपकार आहे. शिसं की जांभूळ हे ठरवायला डॉक्टर खुर्चीतून उठले, चष्मा पोराच्या तोंडाशी नेला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पोराकडे जवळून बघितलं. पुस्तक खाली पडलं. "कंपाउंडर, रिक्षा! आधी रिक्षा आणा!" पोराला ताठ धरून तेच रिक्षात बसले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. "पळवा हो, पळवा, पोर जाईल माझं!" माझं म्हणाले. त्यातला एकही शब्द मला कुणाला विचारावा लागला नाही. मोठ्या हॉस्पिटलात नाकाला नळी लावली. पोर वाचलं.

मग काय, डॉक्टर सुधारले? पुढच्या आठवड्यात गेले तर पुस्तक परत जागेवर. "नळी लावल्यापासून बालकास एकांत प्रिय झाला आहे काय?"

कोण खोकतंय? माझंच आहे. डॉक्टर, थांबा, रिबीन सोडू नका! बिस्किट अडकलंय. आई, पाठीवर थोपटा जरा. पाणी द्या. हं. झालं.

बघितलंत? एक खोकला ऐकला आणि मी भाषण विसरले. अजून असंच होतं. पोराची छाती तीच आहे आणि थंडी तोंडावर आलीये. म्हणून ताई, सगळ्यांसमोर विचारते. उद्या मी दारात येऊन "श्वास लागलाय" म्हटलं, तर तुमचा हात आधी कुठे जाईल? पोराकडे की टेबलाकडे? नुसतं हसू नका ताई, मोठ्याने बोला.

"पोराकडे" म्हणाल्या. ऐकलंत ना गं सगळ्यांनी? साक्षीला आहात.

डॉक्टरसाहेब, रिक्षात बसले होते त्या डॉक्टरांचे मी जन्मभर आभार मानीन. खुर्चीत बसायचे त्यांचं नंतर बघू. मला बोलायला उभं केलंत, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. काही कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या. आणि राग आलाच असेल, तर तो कशासमान आहे ते मला सांगत बसू नका.

उतरते आता. पोराला घ्यायचंय.