खुणा नसलेलं पुस्तक घरी नेऊ नका

मंडळी, सगळा विहार भरलाय. कोणी इंझोरीहून आलं, कोणी धनजहून दोन एसट्या बदलून आलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्या हातात माईक देऊन तुम्ही मला अडचणीत टाकलंय. राग अजून गेलेला नाही. आमचे हे जाऊन आज सात दिवस झाले. राग मात्र त्याच्याही आधीचा आहे.

मघापासून भाषणं ऐकतेय. एक भाऊ म्हणाले, ह्यांना रशियन फाडफाड बोलता यायची. नव्हती येत, भाऊ. त्यांना रशियनमध्ये साधा चहा मागता आला नसता. तुम्ही त्यांनी लिहिलेलं पुस्तक उघडलं असतं तर पहिल्याच पानावर त्यांनी स्वतः तसं लिहिलेलं दिसलं असतं.

मंगरूळपीरच्या कचेरीत ते कारकून होते, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पुस्तकांची गाडी आली होती. तिच्यातून रशियन शिकवणारं एक जाड पुस्तक ते घेऊन आले. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "हे कायले आणलं? कोण वाचन हे?"

तर म्हणाले, "हे पाह्य, अक्षराच्या डोक्यावर काडी हाय. 'रुका' म्हंजे हात. जोर 'का'वर. पन हात धर म्हनाचं असन तर 'रुकु', अन् जोर 'रु'वर. मले सांग, ही काडी पळाली काहून?"

मला काय ठाऊक? पण त्या एका प्रश्नावर आमचा संसार झाला. ते वाचायचे, मला सांगायचे. ऐकता ऐकता मीही वाचायला लागले.

ते सांगायचे, जुन्या स्लाव बोलीत, म्हणजे रशियनच्या पणजीत, शब्दाच्या एका अक्षरावर जोर असायचा आणि तिथं आवाज चढायचा नाही तर उतरायचा. मग घरं वेगळी झाली. पोलिश लोकांनी जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर कायमचा बसवला. चेक लोकांनी पहिल्यावर. रशियनांनी जोर मोकळा ठेवला, पण चढउतार गमावला. सर्बियन लोकांच्या बोलण्यात तो चढउतार अजून ऐकू येतो.

मी एकदा विचारलं, "आपल्याकडे होतं काय असं काही?"

"होतं न. वेद म्हननाऱ्याच्या गळ्यात होतं. पन आपल्या आज्या-पणज्याले ते आयकाची बंदी होती. मंग म्या म्हटलं, त्याच सुराचे भाऊबंद दूर देशात हायेत, तिकडून जाऊन आयकतो. तिथं मले कोन अडवते?" असं म्हणून ते किती वेळ हसत होते.

मंडळी, अशा माणसाचं, या सुरांवरचं पुस्तक होतं ते. वहीत हाताने लिहिलेलं. शब्दाशब्दावर लाल काडी. चढता आवाज असेल तर काडी एका बाजूला झुकलेली, उतरता असेल तर दुसऱ्या. त्या काड्या म्हणजेच पुस्तक. बाकी सगळं त्यांच्या आधाराला.

छपाईच्या वेळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती. म्हणून प्रुफं तुमच्यापैकी तिघांकडे गेली. नावं घेत नाही. तिघेही इथं बसलेत. तिघांनी 'उत्तम' लिहून प्रुफं परत पाठवली. प्रकाशनाचा कार्यक्रम झाला, शाल झाली, नारळ झाला. तोवर पट्टी सुटलेली होती. स्टेजवरच त्यांनी पुस्तक उघडलं. एकाही शब्दावर काडी नव्हती!

प्रेसवाले भाऊ मोठ्या आनंदाने मला म्हणाले, "वहिनी, कागदावर लय किडे-मकोडे होते. म्या सारे साफ करून टाकले. त्याचे पैसे बी नाई लावले."

भाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही न समजून केलं. पण वाचलं म्हणून सही करणाऱ्यांचं काय? सुरावरच्या पुस्तकात सूर नाही, हे एकालाही दिसू नये?

त्यांनी पुस्तक मिटलं. चहा प्याले, घरी आले. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन एकेक प्रत दुरुस्त करायला बसले. मी वहीतून सांगायची, ते काडी मारायचे. मी चिडायची. "कायले जीव काढून राह्यले? कोनी वाचत नाई."

"एकानं वाचलं तं?" इतकंच म्हणायचे.

एक पान माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. शब्दाच्या शेवटी एक दुबळा स्वर होता, तो हळूहळू विझला. पण त्याच्यावरचा जोर त्याच्याबरोबर गेला नाही. तो मागच्या अक्षरावर आला, आणि तिथं आवाज नव्याने चढला. छापलेल्या पानावर तिथं काडी नाही. मग वाचणाऱ्याला कसं कळणार, जोर मागे आला की मेला?

आज मी आत येताना पाहिलं, दारात त्याच बिनकाडीच्या, दुरुस्त व्हायच्या राहिलेल्या प्रतींची थप्पी लावलीय. प्रत्येकाला आठवण म्हणून द्यायला. नका देऊ. मी हात जोडते, एकही प्रत तशी नेऊ नका. हार घातलेला फोटो पुरे झाला. तीच चूक त्यांच्या नावाने घरोघर कशाला वाटता?

त्यांची वही मी आणलीय. पिशवीत लाल पेनंही आहेत. कुठल्या अक्षरावर काडी आणि कुठल्या बाजूची, ते मी वाचून सांगीन. निदान पहिलं प्रकरण आज होईल. उरलेलं दर रविवारी, माझ्या घरी. ज्यांनी 'उत्तम' लिहिलं, त्यांनी पुढच्या सतरंजीवर या.

आता उभे राहा. दोन मिनिटं त्यांच्यासाठी शांत राहू. आणि नंतर चपला शोधू नका. खाली बसा.