पोरीत काहीच निघालं न्हाई

तुम्ही आमच्या मेव्हण्याला, रामकिसनला, वळखता ना? सरकारनं दिलेली चीज वाया गेली की त्याला घास गिळत न्हाई. आष्टीच्या अंगणवाडीत लेकरं तपासायला डॉक्टरांची गाडी आल्ती. हा पोरीला घेऊन हजर, हातात सरकारी विम्याचं कोरं करकरीत कार्ड. मी बी संगं गेल्तो.

डॉक्टर मॅडमनं पोरीचे डोळे, कान, दात, छाती सगळं बराबर पाहिलं आन् म्हणल्या, "हिच्यात काहीच निघालं नाही."

रामकिसनचं तोंडच उतरलं. गेल्या उन्हाळ्यात त्याचा बोअर कोरडा गेल्ता, तवा मशीनवाला बी हेच म्हणला होता.

"मॅडम, अजून जरा खोल जाऊन पाहा की! शेजाऱ्याच्या पोराचे दात किडके निघाले, फुकटात इलाज झाला. मंग मी हे कार्ड काय चाटू?"

"अहो, काही निघालं नाही, हेच चांगलं आहे!"

हा बिलकुल ऐकंना. वरडून वरडून लालबुंद झाला. शेवटी मॅडमनं त्याच्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. मॅडम बदनापूरकडच्या, शेतकऱ्याच्याच लेक. आकडा पाहून म्हणल्या, "घ्या भाऊ, लागलं! पोरीत उगंच खोल चाललो होतो, पाणी तर तुमच्याच वावरात होतं. फवारा उडालाय नुसता."

रामकिसननं घाईघाईनं पट्ट्यावर हात दाबून धरला.

"मॅडम," म्हणला, "हा बोअर बुजवता येत न्हाई का?"