आत चार विजारी, बाहेर मी

नाही नाही, मला आधी एक सांगा, दार कशासाठी असतं? उघडायला! बंदच ठेवायचं तर भिंत आहे की! भिंती काय कमी पडल्या का जगात? दार म्हटलं की ते उघडायला हवं. उघडत नसेल तर त्याला भिंत म्हणा आणि वरून चुना मारा! पण नाही... कपडे धुवायचं मशीन, त्याला पुढून गोल काचेचं दार, आतलं सगळं दिसतं, माझी करडी विजार दिसते, तपकिरी दिसते, निळी तर एक पाय वर करून काचेला चिकटलेली, जणू म्हणतेय, अहो बघत काय बसलात, काढा की मला... आणि दार उघडत नाही!

आणि हे कुणापुढे? माझ्यापुढे! तुम्हाला सांगतो, माझं आयुष्य दारं उघडण्यात गेलं. लिफ्टमन होतो मी. मोठी कचेरी, खाली संगमरवर, वर साहेबलोक. कितीही शिकलेला असो, माझ्या दारात उभा राहून म्हणायचा, "पाचवा." मी नेला तर पाचवा. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, मी नेमका चहाला गेलेलो, आणि आत एकटा सगळ्यात मोठा साहेब. दार बडवतोय, ओरडतोय, "मी कोण आहे माहीत आहे का?" मी बाहेरून म्हटलं, "साहेब, दाराला माहीत नाही. हात लावू नका. खाली बसा." बसला! फरशीवर बसला! बाहेर आला तेव्हा लोण्यासारखा मऊ. सांगायचं काय, अडकलेलं दार बघून घाबरणारा माणूस मी नव्हे.

पण तो दिवस रविवारचा होता आणि संध्याकाळी चिरंजीव यायचे होते.

चिरंजीव म्हणजे एकुलते एक. ही गेल्यापासून त्यांचं एकच टुमणं. "बाबा, एकटे कसे राहणार? आमच्याकडे चला." मी म्हटलं, "मला घर आहे." तो म्हणाला, "घर आहे हो, पण घरात आहे कोण?" मी म्हटलं, "मी आहे, मी कोण आहे मग, कॅलेंडर?" शेवटी त्याने तोडगा काढला. "ठीक आहे. रविवारी येतो आणि बघतो. सगळं नीट चाललेलं दिसलं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही दिसलं तर सामान भरायचं." मी म्हटलं, "ये. बघ." एवढंच. जास्त बोलायची मला सवय नाही.

मग मी घर झाडलं. भांडी लावली. आणि मला बुद्धी सुचली ती मशीनची. ते मशीन हिच्या गुडघ्यांसाठी त्यानेच आणलेलं. ही असेपर्यंत मला त्याच्या जवळ फिरकू देत नव्हती. "तुम्ही लांब राहा. ती तुमची लिफ्ट नाही." ती गेली, मी मशीनवर चादर टाकली आणि बादलीत धुवायला लागलो. पण म्हटलं, चिरंजीव बघायला येतोय, तर मशीन चालू दिसलं पाहिजे! आणि काम करायचं तर एकदाच, लिफ्ट काय मी कधी एकेका माणसासाठी फिरवली? सगळं भरलं. सदरे भरले, चादरी भरल्या, विजारी भरल्या, अंगातलीसुद्धा काढून भरली. चारच आहेत हो, मला काय वरातीत नाचायचंय? कमरेला टॉवेल, वर बनियन. दार लावलं. टक. बटण दाबलं. फिरलं. छान फिरलं. मी समोर स्टूल टाकून बसलो, म्हटलं, ह्यात काय एवढं?

तेवढ्यात ते थांबलं.

आत पाणी तुडुंब, कपडे तरंगतायत, मशीन गप्प. मी दार ओढलं. नाही. बटण बंद केलं, चालू केलं, ओढलं. नाही. परत बंद, परत चालू. नाही! अहो, दार म्हटलं की ते उघडायला हवं, इतकी साधी गोष्ट! मग मी माझा अनुभव काढला. लिफ्टचं दार रुसलं की काय करायचं? बटणावर अंगठा ठेवायचा आणि दाबून धरायचा. सोडायचा नाही. नवखा माणूस टुकटुक करतो, जुना माणूस दाबून धरतो. मी अंगठा ठेवला. दाबून धरला. मशीन म्हणालं, "टिंग!" आणि वर कुलपाचं चित्र पेटलं.

कुलूप! म्हणजे आधी नुसतं बंद होतं, आता माझ्या हाताने कुलूपबंद!

शेवटी कंपनीला फोन लावला. मला आवडत नाही हो कुणाला फोन करायला. आधी गाणं वाजलं, मग आणखी गाणं, मग एक पोरगी आली, आवाज असा गोड की वाटावं हिला माझी विजार अडकल्याचा फार आनंद झालाय. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?" मी म्हटलं, "दार उघड." "नक्कीच सर! कुलपाचं चिन्ह दिसतंय का सर?" "दिसतंय." "काळजी करू नका सर, ते लहान मुलांसाठीचं कुलूप आहे. घरात लहान मुलांनी बटण दाबून धरलं असेल." मी अंगठा मागे लपवला. "सर? घरात लहान मूल आहे का सर?" मी म्हटलं, "आहे. सत्त्याहत्तर वर्षांचं आहे." "किती गोड सर!" अहो, ती ऐकतच नव्हती!

मग म्हणाली, तेच बटण पुन्हा तसंच दाबून धरा. धरलं. टिंग. कुलूप गेलं. मी दार ओढलं... नाही! "सर, आत पाणी आहे का सर? पाणी असेपर्यंत दार उघडणार नाही सर. आपल्या सुरक्षिततेसाठी सर." आता हे मला पटलं, खोटं का बोला. लिफ्टसुद्धा मजल्याला लागल्याशिवाय दार उघडत नाही, आणि उघडलं तर माणूस खड्ड्यात. म्हटलं, बोल. तर ती सांगायला लागली. आधी प्लग काढा. काढला. पाणी गरम असेल तर निवू द्या. काचेला हात लावला, कोमट. खाली कोपऱ्यात छोटी झडप आहे, ती उघडा, आत गोल बूच दिसेल, खाली पसरट भांडं ठेवा, बूच अगदी थोडंसं सैल करा, पाणी आलं की घट्ट करा, भांडं ओता, पुन्हा सैल करा, "हळूहळू सर, घाई करू नका सर..." तोवर माझं डोकं फिरलं. सैल कर, घट्ट कर, सैल कर! मी काय तिला नुकतंच रांगायला लागलेलं पोर वाटलो? म्हटलं, "समजलं." आणि फोन ठेवला.

तिथे चुकलं.

परात ठेवली. बूच धरलं. आणि मला अर्धवट काम जमत नाही... पूर्ण फिरवलं. बूच हातात! आणि पाणी! पाणी म्हणजे काय पाणी, जणू ते आत माझ्यावर डूख धरून बसलं होतं! परात भरली, परात तरंगली, परात चालायला लागली! बूच परत लावतोय तर पाणी त्याला बसू देईना. घरात एक कोरडं फडकं नाही, सगळं आत! होता फक्त कमरेचा टॉवेल. मी काय केलं असेल? सोडला आणि कोंबला. आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा, नको, आणू नका. आणि त्याच क्षणाला दाराची घंटा.

घंटा म्हणजे एक ठोका नाही, टर्रर्र... खालच्या मजल्यावरच्या बाई. आम्ही त्यांना तक्रारबाई म्हणतो, वरच्या मजल्यावर टाचणी पडली तरी त्यांना खाली ऐकू येते. "काका! दार उघडा! आमच्या दिव्यातून पाणी गळतंय!" मी म्हटलं, "येतो." पण येऊ कसा? कपाट उघडलं. माझा कप्पा मोकळा, एक चिंधी नाही. शेजारचा कप्पा हिचा. भरलेला. तसाच आहे, मी हलवलेला नाही. बाहेरून बाई दार ठोकतायत, "काका, तुम्ही ठीक आहात ना? पोलिसांना बोलावू का?" हातात पहिला आला तो हिचा गाऊन. जांभळा. गळ्याला झालर. घातला.

दार उघडलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी म्हटलं, "बोला." तर त्या बाईची वाचा बसली! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मग म्हणाली, "काका... पोछा कुठे आहे?"

आता काय सांगू तुम्हाला, ज्या बाईशी मी जिन्यात बोलत नाही, ती पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसली, पाणी ओढलं, बादल्या ओतल्या, तोंडाचा पट्टा चालूच, "माझ्या छताचं वाटोळं झालं, काका, नवीन रंग होता, वर पाय घ्या, गाऊन भिजतोय, वर घ्या हो!" मी गाऊन वर धरून उभा. मग तिने त्या झडपेच्या भोकात बोटं घातली, म्हणाली, "अडकलंय काहीतरी, म्हणून तर मशीन पाणी टाकत नव्हतं," आणि बाहेर काढलं. काय असेल? हिचे केसांचे आकडे. गुंता करून बसलेले, एकाला राखाडी केस अजून चिकटलेला. बाईंनी ते माझ्या हातात ठेवले.  मनात म्हटलं, बघा, गेल्यावरसुद्धा हिने मला मशीनला हात लावू दिला नाही.

आकडे मी खिडकीत ठेवले. बाई म्हणाल्या, "झडपेच्या आत दोरी असते, काका. ओढा. पाणी गेलंय, आता ओढायला हरकत नाही." होती. इवलीशी दोरी! सकाळपासून तिथेच होती, फोनवाली पोरगी तिच्यापर्यंत आलीच असती, मी तिला येऊ दिलं असतं तर! ओढली. टक. दार उघडलं. अगदी अलगद, जणू कधी अडकलंच नव्हतं. दार म्हटलं की ते उघडायला हवं, नाही का? उघडलं! मी जिंकलो! ओल्या विजारी दोन्ही हातांनी पोटाशी धरल्या, वळलो...

आणि उंबऱ्यात चिरंजीव.

लवकर आला होता. बाईंनी दार उघडंच टाकलेलं. हातात फळांची पिशवी. मी त्याच्या आईच्या गाऊनमध्ये, झालर वाकडी, गुडघ्यापर्यंत भिजलेला, छातीशी चार विजारी, मागे मशीन आ वासून, बाजूला परात. बाई म्हणाल्या, "मी येते हं, काका," आणि भिंतीला चिकटून सटकल्या. मी म्हटलं, "दार अडकलं होतं. उघडलं मी."

तुम्हाला खरं सांगतो, तो हसला असता ना, तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. ओरडला असता तरी मी पुरून उरलो असतो. पण तो हसला नाही. ओरडला नाही. तो त्या गाऊनकडे बघत राहिला. पिशवी ठेवली, माझ्या स्टुलावर बसला, आणि म्हणाला, "सकाळपासून असे आहात? बाबा, मला एक फोन करायचा ना." मी म्हटलं, "कशाला? तू काय लिफ्टमन आहेस?" त्यावर तो रडायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस! आता ह्याच्यापुढे काय करायचं? लिफ्टमध्ये रडणाऱ्याला मी सांगायचो, खाली बसा. हा आधीच बसलेला!

थोड्या वेळाने म्हणाला, "सामान भरा, बाबा." मी म्हटलं, "काय भरू? सगळं ओलं आहे." मग त्याने विजारीची दोन टोकं धरली, दोन मी, आणि आम्ही बाप-लेकाने एकेक विजार पिळली. तो उजवीकडे फिरवतोय, मी डावीकडे.  सगळ्या वाळत घातल्या. मी म्हटलं, वाळेपर्यंत तरी इथेच. तर त्या दिवशी वारा असा सुटला की बघता बघता खडखडीत! वाऱ्यालासुद्धा तोच मुहूर्त सापडावा!

तर तुम्ही विचारलंत ना, बाकावर नवीन दिसताय, किती दिवस मुक्काम? हा असा मुक्काम आहे. तो काय, तिसऱ्या मजल्यावरचा सज्जा, त्या चारही विजारी माझ्याच. सून चांगली आहे. मला काही करू देत नाही. मी नुसतं उठलो तरी म्हणते, "काय हवं, बाबा? तुम्ही बसा." ह्यांच्याकडेही मशीन आहे, पण त्याला दारच नाही हो, वरून झाकण. भांड्यासारखं. कधीही उचला. पहिल्याच दिवशी सुनेने मला उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं, परत उघडून दाखवलं, आणि म्हणाली, "बघा बाबा, ह्यात काहीसुद्धा अडकत नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे. अडकायचं काम आता माझ्याकडे."