उएलेसेचा पेआ

सिनापाती : सेफोचा मानाइआ, मानाइआचा पोउवी आणि पोउवीचा हा उएलेसे. लिहून घेतलेस?

डॉक्टर : सिनापातीआई, मी रक्तगट विचारला होता.

सिनापाती : रक्ताचेच सांगते आहे.

उएलेसे : (खाटेवरून) आई, त्यांना काम करू दे.

सिनापाती : ट्रक अंगावरून जाऊन पाच दिवस झाले. घोट्याच्या वर वीतभर हाड उघडे आहे. झाकत का नाहीस, मुली?

डॉक्टर : झाकायला जिवंत मांस हवं, रक्तवाहिनीसकट. याच पोटरीचं गुडघ्याखाली पुरतं, घोट्यापर्यंत पोचत नाही.

सिनापाती : दुसऱ्या पोटरीचे घे.

डॉक्टर : तो पायही चेचलाय.

सिनापाती : पाठीचे?

डॉक्टर : फासळ्या मोडल्यात. कुशीवर वळवता येत नाही.

सिनापाती : मग माझे घे.

डॉक्टर : दुसऱ्याचं अंगात टिकत नाही, आई. जन्मदात्रीचंही नाही.

उएलेसे : हिला 'नाही' म्हणणारं माणूस भेटलं एकदाचं!

डॉक्टर : उरली याचीच मांडी. पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेला पेआ मधोमध कापला जाईल. नाहीतर गुडघ्याखाली पाय काढायचा. आजच ठरवा, हाड सुकत चाललंय.

सिनापाती : पेआ काप.

उएलेसे : नाही.

सिनापाती : गाढवा, माणूस नक्षीवर चालतो की पायांवर?

उएलेसे : अर्धवट पेआ म्हणजे लाज, म्हणून तसल्याला तूच पंगतीतून उठवलं होतंस.

सिनापाती : उठवले. चुकले माझे.

उएलेसे : सतरा वर्षांचा होतो. मला नको होता पेआ. बारा दिवस गोंदायचे हाडाचे दात अंगात ठोकत होते आणि तू माझं डोकं मांडीवर दाबून धरलं होतंस. शेवटच्या दिवशी काय कबूल केलंस?

सिनापाती : तापात होतास. वाटले, विसरशील.

उएलेसे : काय कबूल केलंस?

सिनापाती : 'हे तुझे माझ्यावर ऋण. यापुढे या देहावर माझा शब्द चालणार नाही.'

उएलेसे : वीस वर्षं चालवलास. केस कापण्यापासून लग्नापर्यंत.

सिनापाती : एका पायाने होडीत कसा चढशील रे?

उएलेसे : चढवतील चौघं. पण हा पेआ आता माझा आहे, आई. तुझा नाही.

सिनापाती : मुली, तू शिकलेली आहेस. सांग ना त्याला काहीतरी.

डॉक्टर : चारदा सांगितलं. पाय काढायच्या कागदावर त्याची सही झालीय. खाली घरच्या वडीलधाऱ्यांची लागते.

सिनापाती : कुठे?

डॉक्टर : इथे.

सिनापाती : घे. फिटले, उएलेसे, सगळे फिटले… त्याच्या पायांवरची चादर तेवढी काढ, मुली, दोन्ही पाय एकदा पाहून घेते. मी इथे बसते आहे.